दांडी की चिमटा

आज सकाळी खिडकी उघडली तर नदी नव्हती. घाट होता, पायऱ्या होत्या, पण चौथ्या-पाचव्या पायरीपुढे नुसता पांढरा कोहरा. धुकं म्हणा हवं तर, पण आमच्या घरात धुकं म्हटलं की कुणी मान वर करून बघत नाही. चार पिढ्या काशीत काढलेल्या मराठी माणसांची भाषा ही अशीच. पुण्याचे पाहुणे आले की तोंडावर हात ठेवून हसतात. हसोत बापडे. त्यांच्याकडे धुकं पडतं, आमच्याकडे कोहरा पडतो, आणि एकदा पडला की पौष सरेपर्यंत हलायचं नाव घेत नाही.

मी तशीच उभी होते, तेवढ्यात खालच्या गल्लीतून हाक आली, "छीमी! हरी छीमी!" छीमी म्हणजे वाटाण्याच्या शेंगा. दोरीला बांधलेली टोपली खाली सोडली, शेंगा वर ओढून घेतल्या आणि स्वयंपाकघरात सोलायला बसले. कोवळ्या शेंगेच्या शिरेवर अंगठा दाबला की ती टच् करून उकलते. आज दहा-बारा शेंगा झाल्या आणि हात थांबला. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, तळहातावर, माझ्या एक जुना घट्टा आहे. थंडी पडली की तो दुखतो. एरवी नाही, पण कोहरा आणि वाटाणा एकाच सकाळी घरात आले की तो दुखणारच, हे मला आता पाठ झालंय.

शेजारणींना वाटतं, जन्मभर पोळ्या लाटून झाला असेल. मी होय म्हणते. खरं सांगितलं तर त्यांना झीट यायची. रामघाटावरच्या वैदिकांच्या घरात, जिथे चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर थांबतो, तिथे मी चौदा हिवाळे बंदुकीची काडतुसं भरली. त्याचा घट्टा आहे तो.

दचकू नका, आम्ही कुणाचा जीव घेतला नाही. झालं होतं असं की, माझ्या आजोबांच्या पारायणावर खूश होऊन एका जमीनदार यजमानाने त्यांना नदीपलीकडे, रेती ओलांडली की लागते ती थोडी जमीन दिली. आणि जमिनीबरोबर एक दुनळी बंदूक. दक्षिणेत बंदूक मिळालेला वैदिक अख्ख्या काशीत दुसरा नसेल! आजोबांनी ती माळ्यावर ठेवून दिली. अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या काळात ती खाली उतरली, कारण शेतात नीलगाई शिरू लागल्या.

नीलगाय ही गाय नव्हे. ते हरणाच्या कुळातलं, घोड्याएवढं उंच जनावर. पण नावात गाय आहे ना, मग संपलंच. तिच्यावर नेम धरायची कुणाची छाती नाही, आणि अप्पांची तर नाहीच नाही. दहा-बाराचा कळप पहाटे कोहऱ्यातून येई आणि अर्ध्या घटकेत वाटाण्याचा मळा साफ. पत्र्याचे डबे बडवून झाले, फटाके लावून झाले. चार दिवसांत जनावरं सरावली. बंदुकीच्या बाराला मात्र ती भीत. म्हणून अप्पा हवेत बार काढत. काडतुसात दारू, वर नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, चकती, आणि छर्रा एकही नाही. असलं काडतूस दुकानात कुठून मिळणार? लोक बंदूक मारायला घेतात, न मारण्यासाठी कोण घेतो? तेव्हा ती घरीच भरावी लागत. पितळेची पंचवीस नळकांडी होती, तीच पुन्हा पुन्हा. दोन-तीन दिवसांत रिकामी होऊन परत यायची.

हे सगळं चालायचं वरच्या खोलीत, देवघरापासून जितकं लांब जमेल तितकं. आई जिन्याखालूनच ओरडायची, "ते हात धुतल्याशिवाय माझ्या पाण्याला शिवायचं नाही हं!" अप्पा सकाळी पाठशाळेत मुलांकडून संथा म्हणून घ्यायचे आणि दुपारी सोवळं सोडून, मांडीवर जुनं धोतर पसरून काडतुसं भरायला बसायचे. स्वर लावताना जशी बोटं हलायची तशीच इथेही. काडतुसाच्या बुडाशी मधोमध तांब्याची टोपी बसवायची असते, मसुराच्या दाण्याहून थोडी मोठी. बंदुकीचा घोडा तिच्यावर पडला की ती पेटते आणि आतल्या दारूला पेटवते. सगळा खेळ तिचा. वर राहिली तरी वाईट, तिरकी गेली तरी वाईट, आणि जोराने चेपली तर त्याहून वाईट. अप्पांजवळ एक लाकडी ठोकळा आणि पितळी दांडा होता. डाव्या हाताने दांडा सरळ धरायचा, उजव्या हातातल्या लाकडी हातोडीने टुक् टुक् दोनदा वाजवायचं. दुसऱ्या टुकीचा आवाज बदलला की ते मान हलवायचे. मी दारात बसून तो आवाज ऐकायची. मला त्या वेळी तो घरातला सगळ्यात सुखाचा आवाज वाटायचा, आणि तो तसा होताच.

स्वातंत्र्याला बारा-तेरा वर्षं झाली असतील. त्या श्रावणात अप्पांना अर्धांगाचा झटका आला. सौम्य होता, महिन्याभरात चालू लागले, वाचाही नीट राहिली, पण उजव्या हाताची तीन बोटं गेली ती गेलीच. होती जागेवर, पण त्यांना काही कळेना. गरम भांडं लागलं तरी कळेना. अप्पा ती बोटं डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवायचे, कुणा परक्याची वस्तू ठेवावी तशी.

आश्विनात खंडेनवमी आली. त्या दिवशी बंदूक, ठोकळा, दांडा, दारूचं माप, टोप्यांची डबी असं सगळं पाटावर मांडून अप्पा पूजा करत. त्या वर्षी म्हणाले, "विमे, तू कर. मी मंत्र म्हणतो." आमच्या घरात हत्यारांची पूजा बाईने केल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं. मी हरखले. वीस-बावीसची होते, बी. ए. झालेली होते, पण पाटापुढे बसल्यावर शाळकरी पोरीसारखी झाले. अप्पांनी डोळे मिटून सुरुवात केली आणि मी तांब्यातलं गंगाजल तुळशीच्या पानाने शिंपडू लागले. बंदुकीवर, ठोकळ्यावर, मापावर. डबीपाशी आले. झाकणाची काय पूजा करायची, खरी पूजा तर टोप्यांची! मी डबी उघडली, आत छान पाणी शिंपडलं, हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि झाकण गच्च लावून ठेवलं. अप्पांचे डोळे मिटलेलेच होते. फार मन लावून केलं मी ते.

कार्तिकात इंदूरहून पत्र आलं. मुलींच्या शाळेत शिक्षिकेची जागा, राहायला वसतिगृहात खोली, संक्रांतीच्या आत रुजू व्हा. मी अर्ज केला होता तो मॅट्रिकच्या मैत्रिणीच्या नादाने, लागेल असं वाटलंच नव्हतं. ते पत्र मी किती वेळा वाचलं असेल! मला इंदूर कुठे नकाशावरसुद्धा धड दाखवता आलं नसतं. पण तिथे माझी एक खोली होती, तिला कडी होती, आणि ती आतून लावायची होती. रामघाटाच्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटावं लागतं. ते चिकटणारं माणूस बहुधा मीच असायची.

अप्पांनी पत्र वाचलं, घडी घातली, म्हणाले, "चांगलं आहे." आणि मग पत्र परत देता देता, "काडतुसांचं काय ते बघावं लागेल."

तसं पाहिलं तर बाकी सगळं त्यांना डाव्या हाताने जमू लागलं होतं. दारू मोजणं, चकती बसवणं, बार काढणं. अडलं होतं ते टोपीपाशी. दांडा आणि हातोडी धरायला दोन चांगले हात लागतात. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू, तिला जवळचं दिसेना, आणि परक्याच्या हातात टोप्या देणं अप्पांना मान्य नव्हतं. पलीकडचा मळा रामधनी करायचा, अर्ध्या वाट्याने, पण त्याचीही वर्षाची बेगमी त्या मळ्यावरच, आणि बंदुकीचा परवाना अप्पांच्या नावावर. मळा गेला तर दोन घरांचं वर्ष गेलं. म्हणजे गोष्ट सरळ होती. अप्पांना एकट्याला टोप्या बसवता आल्या तर मी इंदूरला. नाही आल्या तर मी इथे. हे आमच्यापैकी कुणीही तोंडाने बोललं नाही. आमच्याकडे मोठ्या गोष्टी बोलायच्या नसतात, भाजीत मीठ कमी पडलं ते मात्र तीन दिवस बोलतात.

चौकाच्या पुढे एका गल्लीत रहमत मिस्त्रींचं दुकान होतं. बंदुका दुरुस्त करणारा म्हातारा माणूस, नाकावर दोऱ्याने बांधलेला चश्मा. अप्पा मला घेऊन गेले. मिस्त्रींनी अप्पांचा हात आपल्या हातात घेऊन बोटं एकेक दाबून पाहिली, वैद्य पाहतो तशी, आणि मग फडताळातून दोन हत्यारं काढून समोर ठेवली.

एक होता चिमटा. सांडशीसारखा, मुठीत मावणारा. एका टोकाला नळकांडं अडकवायचं, दुसऱ्या टोकाला टोपी, आणि एका हाताने नळकांडं सांभाळत दुसऱ्या हाताची मूठ आवळायची.

"पंडितजी, इसमें हाथ को सब मालूम पड़ता है," मिस्त्री म्हणाले. "टोपी कहाँ तक गई, सीधी गई कि टेढ़ी, सब हथेली बता देगी. मगर मुट्ठी पूरी चाहिए."

दुसरी होती दांडी. टेबलाच्या कडेला पेचाने आवळून बसवायची, वर हातभर लांब लोखंडी दांडी. नळकांडं ठेवा, टोपी ठेवा, दांडी खाली ओढा.

"इसमें जोर नहीं लगता. बायाँ हाथ भी चलेगा, दो उँगली भी चलेगी. बस, हाथ को उतनी खबर नहीं मिलती."

अप्पांनी चिमटा उचलला, डाव्या हातात धरला, परत ठेवला. दांडीवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "विमे, तू सांग. कोणतं घ्यायचं?"

अहो, मी काय सांगणार होते? चिमटा म्हणजे माझी मूठ. दांडी म्हणजे त्यांचा डावा हात. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण आडात पडायचं की विहिरीत हे आपल्यालाच विचारणारा बाप किती जणींना मिळतो? मिस्त्री चश्म्यावरून माझ्याकडे बघत होते. दुकानात तेलाचा वास होता, बाहेर कुणाची तरी सायकल घंटी वाजवत अडकली होती. मला आठवतं, माझे कान तापले होते.

"दांडी," मी म्हणाले.

"दांडी तर दांडी," अप्पा म्हणाले.

पुढचे पंधरा दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते, हे मला आज मोकळेपणाने सांगायचं आहे. वरच्या खोलीतल्या टेबलाला दांडी बसली. अप्पा रिकाम्या नळकांड्यांवर सराव करू लागले. पहिल्या दिवशी हात घसरला, दुसऱ्या दिवशी जमलं, चौथ्या दिवशी तर खालून आईला हाक मारून वर बोलावलं. तीही आली, देवाचं पाणी भरायचं सोडून. "अगं बघ, दोन बोटांनी!" म्हणाले. आईला दिसत काही नव्हतं, पण ती म्हणाली, "छान हो, छान." मी ट्रंक उन्हात टाकली. दोन लुगडी, एक शाल, इंदूरला थंडी कशी असते देव जाणे म्हणून आणखी एक शाल. अप्पांनी पंचवीसच्या पंचवीस काडतुसं स्वतः भरली. टोप्या त्याच डबीतल्या. कुंकू पुसत होते आणि हसत होते.

मार्गशीर्षात कोवळ्या शेंगा धरल्या तेव्हा मी म्हटलं, पहिल्या पहाटेला मी येते तुमच्याबरोबर. मला डोळ्यांनी बघून जायचं होतं की आता यांचं चालतंय. आदल्या दिवशी संध्याकाळी नावेने पलीकडे गेलो, रामधनीच्या झोपडीत राहिलो आणि उजाडता उजाडता मळ्याच्या बांधावर जाऊन बसलो. कोहरा इतका की स्वतःचे गुडघे दिसेनात. वाटाण्याच्या वेलांवरचं पाणी पायांना लागत होतं. हिरवा, ओला, कच्चा वास. मग समोरून खुरांचा आवाज आला आणि पांढऱ्यातून एकेक काळसर माथा बाहेर पडू लागला.

अप्पांनी बंदूक आभाळाकडे केली आणि डाव्या हाताच्या बोटाने चाप ओढला. टक्.

दुसरी नळी. टक्.

त्यांनी काडतुसं बदलली. एक बार निघाला, पण असा, कुणी जाड कापड फाडावं तसा. जनावरांनी माना वर केल्या आणि पुन्हा खाली घातल्या. पुढे पुन्हा टक्. पुन्हा टक्. रामधनी बांधावरून ओरडत पळत सुटला, मी पदर झटकत सुटले, पण कळप आमच्यामधून असा चरत फिरला, जणू मळा त्यांच्या वडिलांचा. शेंगा तुटण्याचा तो आवाज! टच् टच् टच्, चारी बाजूंनी. अप्पा बांधावर बसले होते आणि एकेक काडतूस बंदुकीत घालून चाप ओढतच होते. सगळी पंचवीस संपवली त्यांनी. बार निघाले असतील सहा-सात.

उजाडल्यावर निम्मा मळा खुरांखाली होता. रामधनी वेलांच्या मोडलेल्या खुंट्या गोळा करत राहिला. परत येताना नाव मधोमध आली आणि नावाड्याने वल्ही उचलून धरली. दोन्ही काठ दिसत नव्हते. "थोड़ा रुकिए, खुल जाए तब चलेंगे," म्हणाला. किती वेळ थांबलो कोण जाणे. चहूकडे तो पांढरा, ओला पडदा, आणि मधे आम्ही तिघं. अप्पांनी उजवा हात डाव्यात घेतला आणि म्हणाले, "माझ्या हाताला कळत नाही गं आता. दांडी आंधळी आहे. टोपी बसली की नाही, काही सांगत नाही."

मी दांडी निवडली होती. स्वतःच्या सोयीसाठी, कडीच्या खोलीसाठी. मी चिमटा म्हटलं असतं तर मळा उभा असता. त्या नावेत मला दुसरं काही सुचलंच नाही. मी म्हणाले, "अप्पा, मी जात नाही."

कोहरा उठला, नाव काठाला लागली.

इंदूरचं पत्र मी त्याच दिवशी लिहून ठेवलं. घरच्या अडचणीमुळे येणं होत नाही, क्षमा असावी. लिहिलं, पण टाकवेना. पाच-सहा दिवस ते खिडकीतल्या फळीवर पडून होतं. येता-जाता मी त्याच्याकडे बघायची आणि तेही माझ्याकडे. मग एका दुपारी अप्पा दांडी पिशवीत घालून निघाले. मी चपला घालू लागले तर म्हणाले, "तू नको येऊस, गारठा आहे. हे बदलून चिमटा घेऊन येतो. टोप्यांची नवी डबीही आणतो, जुन्या संपत आल्यात." उंबऱ्यापर्यंत गेले आणि परत आले. फळीवरचं पत्र उचललं. "जाता जाता हेही टाकतो."

चिमटा आला. माझ्या मुठीत तो असा बसला, जणू माझ्याच मापाने घडवला होता. पहिलंच काडतूस उरलेल्या मळ्यावर असं वाजलं की म्हणे रेतीवरची गिधाडं उडाली. रामधनीने येऊन सांगितलं, "बिटिया के हाथ में जस है." त्या वर्षी उरलेला मळा वाचला, पुढच्या वर्षी सगळा. आणि दर वर्षी कोहरा पडला की मी वरच्या खोलीत. दोन दिवसांआड पंचवीस नळकांडी, मूठ आवळायची, सोडायची, आवळायची, सोडायची. मिस्त्री म्हणाले होते ते खरं, हथेली सगळं सांगते. टोपी आत जाताना आधी अडते, मग सरकते, मग तळाला टेकते, ते टेकणं तळहाताला इतकं स्वच्छ कळतं की डोळे मिटून करता यावं. मी डोळे मिटूनच करायची. स्थळं आली, त्यांना अप्पा "थंडी सरू दे" म्हणायचे. थंडी सरायची, स्थळंही सरायची. गल्लीतल्या मुलींच्या शाळेत सकाळची बाराखडी मिळाली, तेवढंच बाहेर पडणं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तसं नव्हतं काही, कुणी मला मारलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. उलट अप्पा समोर बसून नव्या शिष्याकडे बघावं तसे कौतुकाने बघायचे. पण मी अडकले होते, आणि स्वतःच्या चुकीने अडकले होते, असं समजून मी चौदा वर्षं गप्प राहिले. चुकीची शिक्षा भोगतेय म्हटलं की माणूस फार तक्रार करत नाही.

पंधराव्या हिवाळ्याच्या तोंडाशी अप्पा गेले. दिवस झाल्यावर बंदुकीचं काय करायचं ते विचारायला मी रहमत मिस्त्रींकडे गेले. ते आता पार वाकले होते, पण ओळखलं. पाणी मागवलं. बंदूक जमा करायचे कागद कसे करायचे ते सांगितलं आणि मग आपणहून म्हणाले,

"पंडितजी जैसा ईमानदार आदमी नहीं देखा, बिटिया. वो लीवर लौटाने आए थे न, याद है? मैंने कहा, खराब है क्या? दूसरा कोई होता तो कहता, हाँ खराब है. वो बोले, नहीं मिस्त्री, तुम्हारे औजार में कोई ऐब नहीं है. डिबिया खोलकर दिखाई मुझे. टोपियाँ सब सील गई थीं. बिटिया ने पूजा में गंगाजल छिड़क दिया था. हँस रहे थे."

मी विचारलं, "मग परत का केलं?" माझ्या तोंडून मराठीच आलं. काशीत जन्मलेल्या त्या म्हाताऱ्याला तेवढं कळलं.

"मैंने भी यही पूछा. बोले, ये घर में रहेगा तो बिटिया चली जाएगी." मिस्त्रींनी चश्मा काढून पुसला. "इतना चाहते थे आपको."

राग आला का? आला. असा आला की अप्पा समोर असते तर मी पहिल्यांदा त्यांना अरे-तुरे केलं असतं. मिस्त्रीशी त्यांना खोटं बोलवेना, कारण त्याच्या हत्याराला नावं ठेवणं म्हणजे पाप. आणि माझ्याशी? त्यांना माहीत होतं मी स्वतःला दोष देते आहे. नावेत माझं तोंड त्यांनी पाहिलं होतं. एका शब्दात मोकळं करता आलं असतं मला: विमे, टोप्या ओल्या होत्या. एवढंच. त्याऐवजी एका पिशवीत दांडी आणि एका हातात माझं पत्र घेऊन तो माणूस घराबाहेर पडला, आणि दोन्ही कामं एकाच फेरीत करून आला.

पाणी मीच शिंपडलं, हे खरं. अक्षता मीच टाकल्या. झाकणही मीच गच्च लावलं. पण त्या पहाटेनंतर ते उघडून खरं काय ते पाहिलं त्यांनी होतं.

आणि तरीही, आता साठी उलटल्यावर, कधी कधी वाटतं, तो हात असा मांडीवर निर्जीव पडलेला असताना, एकुलती एक मुलगी ट्रंक उन्हात टाकते आहे आणि आपण दोन बोटांनी दांडी ओढून तिला जायची वाट करून देतो आहोत, ते पंधरा दिवस त्यांना कसे गेले असतील? खालून आईला हाक मारली तेव्हा ते खरंच आनंदले होते, हे मी शपथेवर सांगेन. मग ओल्या टोप्यांची डबी उघडल्यावर काय वाटलं असेल? मला त्यांची दया येते. मग राग येतो. मग पुन्हा दया. कोहऱ्यात काठ कधी दिसतो, कधी नाही, तसंच चाललंय हे पंचवीस वर्षं.

त्या दिवशी निघताना मिस्त्रींना विचारलं, ती दांडी कुणाला विकली? ते उठले, फडताळ उघडलं आणि मागून ती काढली. "किसी ने ली ही नहीं. यहाँ अपने हाथ से कारतूस कौन भरता है अब?" तेलाचा थर जमला होता, पण गंज नव्हता. त्यांनी ती कापडात गुंडाळून माझ्या हातात दिली.

घरी आले. आई देवघरात होती, तिने कोण ते विचारलं, मी म्हटलं मी आहे. वर गेले. टेबलाच्या कडेला पेचाच्या जुन्या खुणा तशाच होत्या, त्यांवर दांडी बसवून पेच आवळला. खिडकीबाहेर कोहरा होता, भर दुपारी. एक रिकामं नळकांडं घेतलं, डबीतली एक टोपी ठेवली. उजवा हात पाठीमागे धरला आणि डाव्या हाताची दोन बोटं दांडीवर टेकवली.

दांडी सहज खाली आली. टोपी टेकल्याचं त्या दोन बोटांनाही कळलं, अगदी स्वच्छ. नळकांडं काढून खिडकीच्या उजेडात धरलं. टोपी सरळ होती, हवी तितकी आत होती. मी दुसरं घेतलं. मग तिसरं.

आणि खोलीत कुणी नसताना मी मोठ्याने म्हणाले, "अप्पा, जमत होतं की हो तुम्हाला!"